नागपूर–राजनांदगावची गाडी आणि रेव्हरंड टिळकांचा अभंग

आज आपण ज्या माणसाबद्दल बोलणार आहोत त्यांचं गोंदियाशी नातं एवढंच की ते या स्टेशनावरून पुढे गेले. इथे उतरल्याची नोंद कुठे नाही, आणि उतरले असते तरी त्यांना ओळखणारं इथे कोण होतं? पण मराठी कवितेच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग ज्या गाडीत घडला ती गाडी आपल्या गावावरून जाणाऱ्या मार्गावरची होती. तेव्हा हा विषय गोंदियात बसून मांडायला आमची हरकत नाही, तुमचीही नसावी.

साल १८९३. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. वय एकतीस. राजनांदगाव तेव्हा संस्थान होतं आणि तिथे त्यांना नोकरी मिळाली होती. गाडीत एक गोरा गृहस्थ भेटला. तो अदबीने वागला. एरवी गोरा माणूस आणि काळा माणूस एका डब्यात आले की काय व्हायचं ते त्या काळातल्या आठवणी वाचणाऱ्यांना माहीत आहे. इथे तसं झालं नाही. कवितेवर, धर्मावर बोलणं निघालं. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि सांगितलं, हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटलं. दोन वर्षं पुरी होण्याच्या सुमाराला, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा प्रसंग सांगायला फार सोयीचा आहे, आणि म्हणूनच तो सगळ्यांनी सांगितला. ख्रिस्ती लोक चमत्कार म्हणून सांगतात, हिंदू लोक फसवणूक म्हणून सांगतात. दोघांच्याही कथेत एक गाडी, एक पुस्तक, आणि माणूस बदलला! आमचं म्हणणं असं की पुस्तक मिळालं तेव्हा टिळक निम्मा रस्ता आधीच चालून आले होते, आणि बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांचं खरं काम सुरूसुद्धा झालं नव्हतं. ते काम भाषेचं होतं. त्याला पुढची चोवीस वर्षं लागली, आणि त्याची किंमत घरात एका बाईने मोजली.

आधी त्या गाडीबद्दल थोडं. नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग १८८० ते १८८२ या काळात झाला, तोही आधी मीटरगेज. नागपूर–छत्तीसगड रेल्वे असं त्याचं नाव. छत्तीसगडचा तांदूळ-गहू बाहेर काढायचा हा मुख्य हेतू. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने हा मार्ग घेतला आणि रुंद केला. म्हणजे टिळक बसले ती ब्रॉडगेज गाडी होती. कामठी, तुमसर, तिरोडा, मग गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसाचा बोगदा, पुढे डोंगरगड. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातलं एक स्टेशन होतं. जबलपूरकडे जाणारा छोटा मार्ग नंतरचा, त्याने गोंदियाला जंक्शन केलं, आणि जिल्हा तर १ मे १९९९ ला झाला. टिळकांना खिडकीतून दिसला असेल तो धानाचा मुलूख आणि पुढे जंगल.

दरेकसा म्हटलं की आपल्याला कचारगड आठवतो. सालेकसा तालुक्यातल्या त्या गुहेशी गोंड समाजाची लिंगोची कथा जोडलेली आहे, माघ पौर्णिमेला तिथे किती दुरून माणसं येतात ते तुम्ही पाहता. लिंगोचं ते गाणं पहिल्यांदा कागदावर कुणी उतरवलं? एका धर्मोपदेशकानेच. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. ते १८४५ पासून नागपुरात होते. १८६३ साली रात्री ओढा ओलांडताना बुडून वारले. त्यांच्या कागदांत हे गोंडी गाणं निघालं आणि रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली ते छापलं. हिस्लॉप प्रेस्बिटेरियन होते. प्रेस्बिटेरियन म्हणजे ज्या पंथात मंडळीचा कारभार निवडलेल्या वडिलांच्या हाती असतो, बिशप नसतो. नागपूर भागातलं जुनं मिशन याच पंथाचं. आज आपण ज्या कॉलेजला हिस्लॉप कॉलेज म्हणतो ते १८८३ चं, म्हणजे टिळक नागपुरात आले तेव्हा ते उभं होतं. टिळक मात्र त्या मंडळीत गेले नाहीत. ते गेले अमेरिकन मराठी मिशनमध्ये, जिथे प्रत्येक गावची मंडळी आपापला निर्णय करते. कॉंग्रिगेशनल म्हणतात त्याला. या दोन्ही पंथांच्या इकडच्या मंडळ्या १९२४ साली एकत्र आल्या, तेव्हा टिळक हयात नव्हते. पंथांचा हा हिशेब इथेच सोडू, कारण टिळकांनी स्वतः त्याला फारशी किंमत दिली नाही.

आता निम्मा रस्ता आधीच चालून आले होते म्हणजे काय, ते बघू.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. (लोकमान्य वेगळे. दोघे चित्पावन, दोघे त्याच जिल्ह्याचे, एकाच काळातले, त्यामुळे गोंधळ होतो. एक १९१९ ला गेले, दुसरे १९२० ला.) वडील तापट. आई जानकीबाई भाविक, गाणारी. आई लवकर गेली आणि मुलाने घर सोडलं. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. लग्न झालं मनकर्णिका गोखले या मुलीशी, तिचं वय अकराच्या आसपास. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं. हीच आपली 'स्मृतिचित्रे'वाली लक्ष्मीबाई टिळक.

पुढची काही वर्षं म्हणजे नुसती भ्रमंती. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तनकार, परवा कुठे आहेत ते घरी ठाऊक नाही. लक्ष्मीबाई माहेरी. शेवटी नागपूरला अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला. संस्कृत ग्रंथांचं काम होतं. 'ऋषी' नावाचं मासिक चालवायला घेतलं. नागपूरच्या या काळातच धर्माचा विचार त्यांच्या डोक्यात पक्का घुसला. जातिभेद मोडला पाहिजे, मूर्तिपूजेने माणूस अडकतो, देव एक आणि माणसं भाऊ, असा आपलाच एक धर्म काढावा इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. म्हणजे गाडीत बसलेला माणूस शोधात होता. प्रार्थना समाज १८६७ पासून मुंबईत होता, जोतीराव फुले १८९० मध्ये गेले होते. महाराष्ट्रात हे प्रश्न हवेतच होते. टिळकांनी ते पुस्तक वाचायला घेतलं ते उत्तर मिळतं का हे पाहायला, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थांबले. शत्रूवर प्रेम करा, हा भाग. तिथून ते सुटले नाहीत.

त्यांनी घरी काही सांगितलं नाही. ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार सुरू झाला तोही आडून, नाव न देता. मुंबईला मिशनरी जस्टिन ॲबट यांच्याशी संबंध आला. ॲबट यांचं नाव लक्षात ठेवा. याच माणसाने पुढे म्हातारपणी तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई इंग्रजीत नेले. कोण कुणाला काय देत होतं हा प्रश्न तेव्हापासूनच गुंतागुंतीचा आहे.

बाप्तिस्मा झाला आणि बातमी घरी पोचली. इथे आम्हाला जरा थांबायचं आहे.

लक्ष्मीबाई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या. पदरात दत्तू, तीन-चार वर्षांचा. नवरा जिवंत आहे आणि तरी नाही. विधवा म्हणावं तर कुंकू आहे, सवाशीण म्हणावं तर नवरा बाटलेला. हा कोणता दर्जा? याला धर्मशास्त्रात घर नव्हतं आणि समाजात तर नव्हतंच. माहेरच्या माणसांनी जपलं, पण जपणं म्हणजे पहारासुद्धा. काही काळ त्या पंढरपूरला होत्या. टिळक पत्रं लिहीत, पत्रांत कविता असत. त्याही कविता करू लागल्या. लिहायला-वाचायला नीटसं येत नसलेली ही बाई ओव्या जुळवायची, नवऱ्याला उत्तर द्यायची.

वेगळं राहण्याचा हा काळ साडेचार-पाच वर्षांचा. टिळकांच्या गौरवपर चरित्रांत तो एका परिच्छेदात उरकतात, तसं करू नये असं आम्हाला वाटतं. टिळकांनी सत्य शोधलं हे खरं. त्यांनी ते बायकोला न विचारता शोधलं हेही खरं. टिळकांना मोठं म्हणताना हा भाग गिळून टाकायची गरज नाही. लक्ष्मीबाईंनी तो गिळलेला नाही. त्यांनी तो लिहून ठेवला आहे, हसत हसत, आणि म्हणूनच तो जास्त लागतो.

मग त्या दत्तूला घेऊन अहमदनगरला आल्या. आल्या म्हणजे नवऱ्याच्या धर्मात आल्या नाहीत. सोवळं वेगळं, चूल वेगळी, पाणी वेगळं. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत बहुतेक लोक महार आणि मांग समाजातून आलेले. त्यांच्यामध्ये एक ब्राह्मण बाई आपली घागर सांभाळत राहते आहे आणि नवरा त्याच लोकांच्या घरी जेवून येतो आहे. हे दृश्य डोळ्यापुढे आणा! पुढे एक दिवस त्यांच्या मनात आलं की ही जात देवाने केलेली असणं शक्य नाही, माणसानेच केली. आणि सोवळं सुटलं. सोवळं सुटल्यावर काही काळाने, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम फार महत्त्वाचा. टिळकांच्या बाबतीत आधी पुस्तक आलं. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी पाण्याचा प्रश्न सुटला, पुस्तकाचा नंतर. आम्हाला विचाराल तर दोघांतला अवघड रस्ता कुणाचा, हे सांगायला वेळ लागणार नाही.

टिळक नगरला मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत होते. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड टिळक झाले. आता त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो पाळकाचाही होता आणि कवीचाही. रविवारी मंडळीत गायचं काय?

मराठी ख्रिस्ती गीतं नव्हती असं नाही. पण पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरं होती आणि ती इंग्रजी चालींवर बसवलेली. इंग्रजी चालीत जोर ठरावीक ठिकाणी येतो, एक सोडून एक. शब्द त्या जोरावर बसला पाहिजे. मराठीचा कारभार ऱ्हस्व-दीर्घावर. मग होतं काय, चाल ओढते एकीकडे आणि शब्द ओढतो दुसरीकडे. ऱ्हस्व अक्षर लांबवावं लागतं, दीर्घ अक्षर चिरडावं लागतं, शब्द मधोमध तुटतो. गाणाऱ्याला अर्थ कळेपर्यंत कडवं संपतं. खेड्यातली म्हातारी ते तोंडपाठ करेल, तिच्या जात्यावर मात्र ते कधी येणार नाही.

याउलट अभंग घ्या. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, अक्षरं मोजायची, तीही कानाने. पुढे एकाने म्हणायचं, मागे सगळ्यांनी धरायचं. वाचता येत नसलं तरी अडत नाही, टाळ असले की झालं. शेकडो वर्षं मराठी माणसाने देवाशी बोलायला हेच वापरलं. टिळक म्हणायचे की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. हे वाक्य नुसतं शोभेचं समजू नका. पूल ओलांडल्यावर तो मोडायचा नाही, असा त्याचा अर्थ ते स्वतः करत आले.

टिळक यात पहिले नव्हते, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ओवीत, आणि अकरा हजारांच्या घरात ओव्या! नगरलाही कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधी ख्रिस्ती कीर्तनं केली होती. पण स्टीफन्स परदेशी पंडित होते. सांगळे गुणी कीर्तनकार, त्यांचा आवाका मंडळीपुरता. टिळक मात्र बाहेरच्या मराठी कवितेतलं मोठं नाव होते. केशवसुतांच्या पिढीतले. 'केवढे हे क्रौर्य' ही बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत रडत पाठ केली. 'फुलामुलांचे कवी' ही पदवी त्यांना महाराष्ट्राने दिली, मिशनने नव्हे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात जो पोरसवदा त्र्यंबक बापूजी ठोंबरे 'बालकवी' म्हणून नावाजला गेला, तो पुढे टिळकांच्या नगरच्या घरात येऊन राहिला. हिंदू मुलगा ख्रिस्ती पाळकाच्या घरी जेवतो, झोपतो, कविता करतो. बाप्तिस्म्याच्या वेळी तुटलेला एक धागा कवितेने असा परत बांधला.

तर हा माणूस जेव्हा अभंग लिहू लागला तेव्हा त्यात अनुवादाचा वास उरला नाही. ख्रिस्त त्यांच्याकडे गुरू होऊन आला, माउली होऊन आला. 'अभंगांजली' वाचताना पुष्कळदा असं होतं की नाव झाकलं तर कुण्या वारकऱ्याचं वाटेल. यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप आले, अजून येतात. ख्रिस्ती बाजू विचारते, मग यात ख्रिस्ती काय राहिलं? हिंदू बाजू विचारते, आमचा अभंग घेऊन हा धर्मप्रचार कशाला? पहिल्या आक्षेपाला उत्तर सोपं आहे, टिळकांची भक्ती कुणावर आहे याबद्दल त्यांच्या ओळी कधी संदिग्ध नसतात. दुसरा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ते प्रचारक होते, पगारी प्रचारक होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अभंग कुणाचा? तो नामदेवाने शिंप्याच्या घरात गायला, चोखोबाने देवळाच्या दाराबाहेर गायला. दाराबाहेरच्या माणसाला तो आधीपासून मोकळा आहे. नगरच्या वस्तीतल्या ज्या बायामाणसांनी टिळकांचे अभंग गायले त्यांचे आजे-पणजे देवळाबाहेरच उभे राहत होते. त्यांना हा छंद कुणाकडून उसना घ्यावा लागत नव्हता.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू सांभाळू लागले. 'ज्ञानोदय' १८४२ पासून चाललेलं पत्र. तिथून कविता नियमित जाऊ लागल्या. 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य सुरू झालं, तेही ओवीत. पण मनातली तगमग थांबली नव्हती. आपल्याकडे आलेला ख्रिस्त परदेशी कपड्यांत आला आहे, आणि मिशनचा पगार घेऊन आपण ते कपडे उतरवू शकत नाही, असं त्यांना वाटत होतं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. संन्यासी म्हणवून घेतलं. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा! मिशनरी मंडळींना हे पचणं कठीण होतं. ज्या संस्काराने टिळकांचं घर पाच वर्षं मोडलं, त्याच संस्काराशिवाय माणूस ख्रिस्ताचा होऊ शकतो, असं टिळक आता म्हणत होते. लक्ष्मीबाईंना त्या वेळी काय वाटलं असेल?

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. वय सत्तावन्न. दरबार त्यांच्या मागे टिकला नाही, आणि खरं सांगायचं तर तो टिकण्यासारखा बांधलेलाच नव्हता. टिळकांना संस्था बांधता येत नसे. पैसा त्यांच्या हातात ठरत नसे, ठरलेल्या ठिकाणी ते पोचतील याची खात्री नसे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात याचे किस्से पानोपानी आहेत, ज्यांनी वाचले नसतील त्यांनी आजच वाचायला घ्यावेत.

'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. सुरुवातीचे काही अध्याय टिळकांचे. पुढचं सगळं, म्हणजे बहुतेक अध्याय, लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने. एकीकडे त्या 'स्मृतिचित्रे' लिहीत होत्या, जे १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात येऊ लागलं आणि मराठी गद्याला एक नवीन आवाज देऊन गेलं, आणि दुसरीकडे नवऱ्याच्या ओव्या पुऱ्या करत होत्या. १९३६ साली त्याही गेल्या. उरलेला शेवट देवदत्ताने केला, म्हणजे आपल्या दत्तूने. टिळकांची गीतं मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त शंभरावर आहेत. रविवारी ती म्हटली जातात, आणि म्हणणाऱ्यांतल्या अनेकांना ती कुणी लिहिली हे विचारावंसंही वाटत नाही.